नसलेल्या शहराचे अवशेष

इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९९९ मध्ये ‘मॉर्डहाइम’ हा खेळ बाजारात आणला. धूमकेतू कोसळून उद्ध्वस्त झालेले एक काल्पनिक शहर, तिथे विखुरलेले ‘विर्डस्टोन’ या मौल्यवान पण घातक दगडाचे तुकडे आणि ते वेचायला अवशेषांत शिरलेल्या सशस्त्र टोळ्या, एवढी त्याची पूर्वकथा. चार फूट लांब, चार फूट रुंद टेबलावर पडक्या इमारतींच्या प्रतिकृती मांडायच्या, त्यांमधून साधारण २८ मिलिमीटर मापाची मिनिएचर, म्हणजे टोळीवाल्यांच्या छोट्या मूर्ती, इंचपट्टीने मोजून हलवायची आणि फासे टाकून निकाल लावायचे. या प्रतिकृतींना खेळाडू टेरेन म्हणतात. टेरेन ही हौसेची सजावट आहे, ती नसली तर पुस्तकांच्या थप्प्याही चालतात, असा सर्वसाधारण समज आहे. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. जी जागा मुळातच नाही, तिच्या प्रतिकृतीला कार्यकारणभाव खऱ्या जागेच्या प्रतिकृतीपेक्षाही काटेकोरपणे पाळावा लागतो. आणि तो पाळला तरच पूर्वकथा खेळात उतरते, नाहीतर ती नियमपुस्तकाच्या पहिल्या चार पानांत पडून राहते.

इतिहास वरवर पाहिला तर या म्हणण्याच्या विरोधात जातो. प्रशियात थोरल्या राइसविट्झने १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याच्यासाठी युद्धखेळाचे एक देखणे टेबल करवून घेतले. त्यावर नद्या, टेकड्या, रस्ते असलेल्या प्लास्टरच्या सुट्या फरशा हव्या तशा जुळवता येत. सैन्यात रुजला तो मात्र त्याच्या मुलाने १८२४ मध्ये सिद्ध केलेला, १:८००० प्रमाणाच्या सपाट नकाशावरचा खेळ. त्यात नवल नव्हते. अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष मुलखाचा सराव हवा होता आणि त्या मुलखाची मोजणी नकाशात झालेलीच होती. एच. जी. वेल्सने १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये खेळ पुन्हा जमिनीवर आणला, त्यालाही लाकडी ठोकळे, पुठ्ठे आणि डहाळ्या पुरल्या. घर म्हणजे काय हे खेळणाऱ्याला ठाऊक होते, ठोकळा फक्त खूण होता. आपल्याकडच्या दिवाळीतल्या किल्ल्याचेही तसेच आहे: रायगडाचा एखादा बुरूज चुकला तरी बघणारा तो मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. मॉर्डहाइमच्या बाबतीत अशी आठवण कोणाच्याच गाठीशी नसते. तिथे ना मोजणी झाली, ना कोणी जाऊन आले. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि १९८३ च्या ‘वॉरहॅमर’नंतर काल्पनिक मुलूख टेबलावर स्थिरावले, तेव्हा ही उणीव भरून काढण्याचे काम टेरेनवर येऊन पडले.

मॉर्डहाइमचे नियम पाहिले की हे काम किती नेमके आहे ते कळते. दोन गच्च्यांमधली ३ इंचांपर्यंतची फट उडी मारून ओलांडता येते. ६ इंचांपर्यंतच्या उंचीवरून खालच्या शत्रूवर थेट झेप घेता येते. ती साधली तर वार लागण्याची शक्यता आणि वाराचा जोर दोन्ही वाढतात, फसली तर पडून इजा होते. म्हणजे ३ इंचांचा एकेक मजला धरून घर बांधणाऱ्याने दुसऱ्या मजल्यावरून झेप शक्य केली आणि तिसऱ्यावरून बंद केली. दोन घरे ३ इंचांवर ठेवली तर वाट तयार होते, ४ इंचांवर ठेवली तर दरी. नियमपुस्तक फक्त अंतरे सांगते. ती कुठे पडणार हे टेरेन करणारा ठरवतो, आणि त्याने ते पूर्वकथेला धरून ठरवले तर खेळाडूला शहराची मोडतोड पायाखाली जाणवते.

आता एकच पडके घर जवळून पाहू. दाट फोमच्या पत्र्यावर पेन्सिलीने विटांच्या रेघा ओढतात, ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा दाबत फिरवून दगडी पोत आणतात. फोमवर थेट स्प्रेचा रंग मारला तर त्यातले द्रावक फोम खाऊन टाकते, म्हणून आधी काळा रंग आणि पांढरा डिंक कालवून त्याचा हात देतात. मग राखाडी रंग, सांदींत उतरणारा पातळ वॉश आणि कडांवर कोरड्या ब्रशचा फिका हात. इतके सगळ्यांना जमते. खरा प्रश्न भिंत कुठे मोडायची हा आहे. भिंती खिडक्यांपाशी आधी खचतात. कोपरे टिकतात, कारण तिथे दोन भिंती एकमेकींना धरतात. भिंतीतली तुळयांची भोके मजल्याच्या पातळीवर एका रेषेत दिसली पाहिजेत आणि कोसळलेला मजला तळाशी ढिगाऱ्यात सापडला पाहिजे. असा उरलेला काटकोनी कोपरा खेळालाही सर्वांत सोयीचा ठरतो: दोन बाजूंनी आडोसा मिळतो आणि उघड्या बाजूंनी हात आत घालून मिनिएचर हलवता येतात. बांधकामाचे तर्कशास्त्र आणि खेळाची गरज इथे एकाच आकारापाशी येऊन भेटतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जिथे जादू चालते तिथे कार्यकारणभाव कशाला? पण जादू कारण बदलते, परिणाम रद्द करत नाही. मॉर्डहाइममध्ये धूमकेतू पडला तिथे मोठा खड्डा आहे. हौशी कारागीर सहसा नुसती खोलगट वाटी कोरतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार पाहिलेल्याला त्यातली चूक लगेच दिसेल: सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या आघात-विवराचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच आहे, कारण आघाताने उसळलेला खडक काठावरच येऊन पडला. सैबेरियात तुंगुस्का येथे १९०८ मध्ये स्फोट हवेतच झाला, विवर पडले नाही. २००० चौरस किलोमीटरहून जास्त जंगल केंद्रापासून बाहेरच्या दिशेने आडवे झाले आणि थेट खालची झाडे मात्र फांद्या झडून उभी राहिली. टेबलावरच्या भिंती कोणत्या बाजूला ढासळाव्यात याचे उत्तर अशा ठिकाणी मिळते. ऑस्प्रेच्या २०१५ मधल्या ‘फ्रॉस्टग्रेव्ह’मध्ये हजार वर्षे गोठलेले शहर नुकतेच वितळू लागले आहे. तिथे सगळीकडे सारखे पांढरे भुरभुरवले तर नुसता हिवाळा दिसतो. बर्फ सावलीच्या कोपऱ्यांत साठवून उन्हाकडच्या भिंतींवर ओल आणि शेवाळ दाखवले की वितळणे दिसते.

दुसरा आक्षेप स्पर्धा खेळणाऱ्यांचा आहे आणि तो रास्त आहे. स्पर्धेत दोन्ही बाजूंना समान संधी हवी, म्हणून तिथे ठरावीक मापाचे, ठरावीक जागी मांडलेले आडोसे बरे. शिवाय तपशिलाचा सोस फार झाला तर उतरत्या ढिगाऱ्यावर मिनिएचर उभी राहत नाहीत आणि खेळ अडतो. पण हा अतिरेकावरचा आक्षेप आहे. ढिगाऱ्यात मिनिएचरच्या पायाखालचा २५ मिलिमीटरचा बेस मावेल एवढी सपाट जागा ठेवणे हा कारागिरीचाच भाग आहे. तिसरा आक्षेप थ्री-डी प्रिंटरचा: जे यंत्र रातोरात छापून देते ते हाताने का करावे? हाताने करण्यात स्वतंत्र पुण्य नाही. मात्र एकाच फाइलमधून निघालेल्या तीन भिंती एकाच जागी, एकाच रेषेत मोडलेल्या असतात आणि एकच आघात तीनदा तसाच होत नाही. छापलेली भिंत कापून, फिरवून, तिच्या तळाशी तिचाच ढिगारा घालून ती त्या शहराची करावी लागते. यंत्र आकार देते, कारण द्यायचे काम उरतेच.

म्हणून टेरेनची पारख रंग चढण्याआधी, कोऱ्या फोमवरच करावी. हे कशाने मोडले, मोडलेला भाग कुठे गेला आणि त्यामुळे खेळाडूला कुठली वाट मिळाली किंवा बंद झाली, या तीन प्रश्नांची उत्तरे नुसत्या आकारावरून मिळत असतील तर रंग साधा असला तरी चालेल. मिळत नसतील, तर कवट्या, मशाली आणि गूढ लिपीतल्या शिळा कितीही चिकटवल्या तरी ते शहर कोणतेही असू शकते, म्हणजेच ते मॉर्डहाइम नव्हे.