गहू सोडण्याआधी रक्त तपासून घ्या



३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी आहे, ट्रॉलर जेटीला लागलेत. "बंदीत बघू" म्हणून वर्षभर पुढे ढकललेली दुखणी दाखवायचे हेच दिवस. त्यातलंच एक सिलियाक.

गहू आणि जव या धान्यांत ग्लुटेन असतं. कणीक मळल्यावर ताणली जाते ती त्याच्यामुळे. सिलियाक असलेल्या माणसाचं शरीर ग्लुटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतला मखमलीसारखा थर झिजून सपाट होतो. अन्न शोषणारा थर तोच. मग रोज ताटात बांगडा असला तरी अंगाला लागत नाही.

आम्ही भात खाणारे, आम्हाला कसला गव्हाचा आजार, असं आपल्यात म्हणतात. पण सकाळी पाव लागतो, चहाला बिस्किट लागतं, आणि मासळी आपण रव्यात घोळवूनच तळतो. रवा म्हणजे गहूच की! हा आजार उत्तर भारतात जास्त आढळतो, आपल्या बाजूला कमी. पण कमी म्हणजे नाहीच असं नव्हे.

पोट फुगणं, वरचेवर जुलाब, वजन उतरणं ही उघड लक्षणं. काहींना उलट बद्धकोष्ठ होतो. पुष्कळांची तर पोटाची तक्रारच नसते. लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, तोंड सारखं येतं, मूल वयाच्या मानाने वाढत नाही, बाईचा गर्भ वारंवार पडतो. कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड येतात, ते खाऱ्या पाण्याचे समजून आपण मलम लावत बसतो. आईबाप किंवा भावंडांत कुणाला सिलियाक असेल तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावं.

तपासणी रक्ताची असते, नाव टीटीजी-आयजीए. त्यात दोष दिसला तर दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून बघतात. इथे बरेच जण फसतात. आमच्या एका सभासदाच्या मुलीला शेजारणीने सांगितलं, गहू सोड. तिने सोडला, थोडं बरं वाटलं, मग तपासणी केली तर रिपोर्ट नॉर्मल! गहू बंद असला की रक्तातली खूण पुसली जाते. डॉक्टरांनी तिला पुन्हा सहा आठवडे रोज पाव-चपाती खायला लावली, तेव्हा कुठे आजार सापडला. तोवर बिचारीचे हाल झाले ते झालेच. म्हणून रक्त आणि दुर्बीण दोन्ही होईपर्यंत गहू सोडू नका.

यावर गोळी नाही, ग्लुटेन जन्मभर बंद ठेवावं लागतं. त्यात आपण नशीबवान. भात, नाचणी, ज्वारी, मासळी सगळं चालतं. रव्याऐवजी तांदळाचं पीठ लावा, मात्र रवा-फ्रायच्या उरलेल्या तेलात तळू नका. हिंगाच्या डबीवरही वाचून बघा, बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं.

आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा, तिथून बांबोळीला पोटाच्या विभागात चिठ्ठी मिळते. जाताना हिमोग्लोबिनचे जुने रिपोर्ट बरोबर घ्या, आणि घरात कुणाला थायरॉइड किंवा लहानपणापासूनचा डायबेटिस असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.