एकाच झाडावरचे पाच वाटेकरी

एखादी जात काय खाते, कधी वावरते, किती ऊन-ओलावा सोसते आणि कोणाचे भक्ष्य ठरते, या सगळ्याला मिळून जीवशास्त्रात तिचा ‘निश’ म्हणतात. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी १९१७ मध्ये कॅलिफोर्नियातील थ्रॅशर पक्ष्यावर लिहिताना ही संज्ञा वापरली. पुढे चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये अन्नसाखळीतील भूमिकेवर भर दिला.

दोन जातींचा निश अगदी सारखा असला तर काय होते? रशियन शास्त्रज्ञ गाउझे यांनी पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच अन्नावर एकत्र वाढवल्या. स्वतंत्रपणे दोन्ही छान वाढत. एकत्र ठेवल्यावर मात्र एक नाहीशी झाली.

मग अमेरिकेच्या ईशान्येकडील स्प्रूसच्या जंगलात किडे टिपणाऱ्या वॉर्ब्लर पक्ष्यांच्या पाच जाती एकत्र कशा नांदतात? रॉबर्ट मॅकआर्थर यांनी तासन्‌तास निरीक्षण करून याचे उत्तर १९५८ मध्ये दिले, आणि परिसंस्थाशास्त्रातील हे काम आजही देखणे वाटते. झाड एकच, पण कोणी शेंड्याकडे, कोणी मधल्या फांद्यांच्या आतल्या भागात, तर कोणी बुंध्याजवळ जास्त वेळ अन्न शोधतो. टिपण्याची ढबही निराळी. पाचांच्या वाट्याचे प्रदेश एकमेकांत थोडे मिसळतात, पूर्ण जुळत नाहीत.