कोडिंग सोडलं, ग्रीक धरलं!

शनिवारची सकाळ. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तासभर घालवून, एफएमवरची सगळी गाणी दोनदा ऐकून आम्ही मंचरला पोचलो. पुणे-नाशिक रोडवर गाव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गाडीत माझ्या शेजारी माझा बारावीचा वर्गमित्र. तो मंचरचा, मी नारायणगावची. एकेकाळी दोघंही हिंजवडीत एकाच बसथांब्यावर उतरायचो. मी अजून उतरते. त्याच्या मांडीवर मात्र आता लॅपटॉपऐवजी उशीएवढा जाड ग्रीक शब्दकोश असतो.

साहेब एम.टीएच. करतायत. मास्टर ऑफ थिऑलॉजी. विषय, नवा करार.

‘म्हणजे तू फादर होणार?’ हा प्रश्न त्याला इतक्यांदा विचारला गेलाय की आता तो नुसता हसतो. तो प्रोटेस्टंट कुटुंबातला, त्यामुळे फादर नाहीच, झालाच तर पाळक. आणि तेही नक्की नाही. ‘मला वाचायला शिकायचंय,’ असं त्याचं म्हणणं. आता इंजिनिअरला वाचता येत नाही का, असं त्याच्या आईने विचारलं, तेव्हा मी तिथेच होते. मला आईंचंच पटलं होतं, खरं सांगते.

पुणं हे या शिक्षणाचं केवढं मोठं ठिकाण आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? नगर रोडवरून विमानतळाकडे जाताना ज्ञानदीप विद्यापीठ लागतं. तिथली पेपल सेमिनरी १८९३ साली श्रीलंकेतल्या कॅंडीत सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. हा कॅथलिक रस्ता. आधी तत्त्वज्ञान, मग थिऑलॉजी, आणि त्यानंतर ‘लायसेन्शिएट’ नावाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. धर्मगुरूच नव्हे, सिस्टर्स आणि तुमच्याआमच्यासारखे संसारी लोकही शिकतात. दुसरीकडे बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी. ती यवतमाळची, १९८३ मध्ये पुण्यात आली.

माझ्या मित्राची पदवी सेरामपूरची आहे. बंगालमधलं हे कॉलेज विल्यम केरी आणि मंडळींनी १८१८ मध्ये काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात, म्हणून १८२७ मध्ये पदव्या द्यायची सनद मिळाली ती डेन्मार्कच्या राजाकडून! हेच केरी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापून बसले होते. देशभरातल्या अनेक सेमिनऱ्यांना सेरामपूरची संलग्नता आहे. पदवीधराला आधी चार वर्षांचं बी.डी., मग दोन वर्षांचं एम.टीएच. म्हणजे इंजिनिअरिंगनंतर आणखी सहा वर्षं. एमबीए दोन वर्षांत आटपतं, हे मी त्याला ऐकवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

आणि पुढे काय? मंडळीत पाळक, सेमिनरीत शिक्षक, हॉस्पिटलमध्ये समुपदेशक, बायबलचं भाषांतर, संस्थांमधलं काम. पॅकेज हा शब्द इथे कुणी काढत नाही. शिवाय, ही पदवी साध्या एम.ए.च्या बरोबरीची धरली जाईलच असं नाही. बाहेर कुठे पीएच.डी. किंवा नोकरी करायची असेल तर त्या विद्यापीठाला आधी लेखी विचारून घ्या. त्याने हे उशिरा विचारलं. ठरत आलेलं एक लग्नही यातच मोडलं. मुलीकडच्यांचा धर्मावर आक्षेप नव्हता, त्यांचीही मंडळी तीच. आक्षेप पगारावर.

तरी हे वेड येतं कुठून? केडगावला जाऊन आल्यावर मला थोडं कळलं. आपल्याच जिल्ह्यातलं, दौंड तालुक्यातलं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. संस्कृतात पंडिता असलेल्या या बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कशासाठी, तर मूळ भाषांतून अख्खं बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी. छपाईत मिशनमधल्या मुलींचे हात होते. काम हातावेगळं झालं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. त्यांना कुणी पदवी विचारली नव्हती, हा माझा टोमणा. ‘त्यांच्याएवढी अक्कल असती तर मलाही लागली नसती,’ हे त्याचं उत्तर.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. समाजशास्त्रात बी.ए., धर्मशास्त्रात एम.ए., ‘सुबोध बायबल’साठी २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २०२४ मध्ये ते गेले.

माझ्या मित्राचा प्रबंध एकाच शब्दावर आहे. मेटानोइया. मराठी बायबलमध्ये त्याचा ‘पश्चात्ताप’ झाला. पण ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ मन पालटणं, विचाराची दिशाच बदलणं. आपल्या पश्चात्तापात मागे वळून रडणं जास्त, त्या शब्दात पुढे चालणं जास्त, असं तो म्हणतो. जेवताना हे सगळं तो आईला समजावत होता. आईंनी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, ‘आरं पण एवढी नोकरी सोडली, त्याचा कुठला होतोय तुला? ह्यो का त्यो?’

तो बराच वेळ नुसता जेवत राहिला.

दुपारी आम्ही जुन्नरला गेलो. लहानपणी सहलीला पाहिलेली लेणी त्याने मला पुन्हा दाखवली. इथे दान देणाऱ्यांमध्ये यवन आहेत, म्हणजे ग्रीक किंवा त्यांच्यासारखेच पश्चिमेकडून आलेले लोक. इरिल नावाच्या एकाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्याने भोजनमंडप. त्यांचे लेख कोरलेत ते मात्र ब्राह्मीत, इथल्या प्राकृतात. नवा करार लिहिला गेला, साधारण त्याच काळाच्या आगेमागे. ‘बघ, दोन हजार वर्षांपूर्वी ते इथे येऊन आपली भाषा लिहून गेले,’ तो म्हणाला, ‘आणि मी त्यांची शिकतोय तर लोकांना केवढं नवल!’

परतताना मंचरला आईंनी टोमॅटोचं क्रेट गाडीत ठेवलं. हॉस्टेलच्या मेससाठी. वर बजावलं, ‘मास्तर झालास की सांग, तवर पगाराचं कुणी इचारलं तर मी बघते.’