एका रोपाचे तीन तुकडे

जनुकीय विविधता शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात नेते, अर्थात गोष्टीतून. कॅलिफोर्नियात यॅरो नावाचं रोप किनाऱ्यापासून पार बर्फाळ उंचीपर्यंत उगवतं. पिसासारखी चिरलेली पानं, पांढऱ्या फुलांचे चपटे झुपके. खाली ते कमरेएवढं, वर जेमतेम वीतभर. हा फरक थंडीमुळे, की मुळातच वेगळा?

हे शोधायला क्लॉसन, केक आणि हीसी या वनस्पतिशास्त्रज्ञांनी एकेका रोपाचे तुकडे करून ते तीन बागांत लावले: समुद्रसपाटीजवळ स्टॅनफर्डला, १४०० मीटरवर मॅथरला आणि ३०५० मीटरवर टिंबरलाइनला. तुकडे एकाच रोपाचे, म्हणजे जनुकं तीच. बदललं फक्त हवामान. इतकी स्वच्छ युक्ती मला दुसरी माहीत नाही! शिखराकडची रोपं उबदार स्टॅनफर्डलाही बुटकीच राहिली. किनाऱ्याकडच्यांना टिंबरलाइनचा हिवाळा सोसेना. १९४८ साली हे निष्कर्ष छापून आले.

वाऱ्यासोबत बी आणि कीटकांसोबत पराग उतारावर फिरत असतात, तरी प्रत्येक उंचीवरची थंडी आपापली रोपं निवडत राहते. म्हणूनच उघडा डोंगर पुन्हा हिरवा करणाऱ्यांना मी आधी विचारते, बी कुठल्या उंचीवरून आणलंत?