सोलापूरचा कामगार-मतदारसंघ आणि कुंभारी

मतदारसंघाचे राजकीय रूप पालटले म्हणजे मतदारांचे मत पालटले, असे सहसा गृहीत धरले जाते. मतदारच अन्यत्र गेले असतील, ही शक्यता क्वचितच विचारात घेतली जाते.

यंत्रमाग व विडी या धंद्यांतील, बहुतांशी तेलुगूभाषक, कामगारांच्या पाठबळावर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम (लोकांचे ‘आडम मास्तर’) १९७८, १९९५ व २००४ मध्ये सोलापूर शहर दक्षिणमधून विधानसभेवर गेले. या चळवळीची एक प्रमुख मागणी घराची होती. तीतूनच कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. पुढे रे नगरची ३०,००० घरांची योजना आली. तीतील १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली.

परंतु कुंभारी पडते दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. २००९ पासूनचा शहर मध्य मतदारसंघ मात्र शहरातील प्रभागांचा आहे. घर मिळालेल्या कुटुंबाने मतदारयादीतील नावही नव्या पत्त्यावर नेले, की लढणाऱ्या पक्षाची शहरातील मते तेवढी घटतात. शहर मध्यमधून २००९, २०१४ व २०१९ मध्ये काँग्रेसच्या प्रणिती शिंदे, तर २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे देवेंद्र कोठे निवडून आले. याचे सारे कारण स्थलांतरात शोधणे अर्थातच अतिव्याप्तीचे होईल. धर्म व जात यांनुसार झालेली मतविभागणीही तितकीच विचारार्ह आहे. शिवाय घराचे श्रेय देणेही पक्षाला अवघड गेले. २०१९ मध्ये रे नगरच्या पायाभरणीप्रसंगी मोदींची स्तुती केल्यावरून आडमांना पक्षाच्या केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित करण्यात आले होते.