रक्ताचे बियाणे

बकऱ्याचे हाड फोडले म्हणजे आत मऊ गर लागतो. माळकरी मंडळींनी तो पाहिला नसेल. बाकीच्यांना नळी चांगली ठाऊक आहे! माणसाच्या हाडांतही असाच गर असतो. त्याला मज्जा म्हणतात. आपले रक्त तिथे तयार होते.

रक्तात बारीक बारीक तांबड्या पेशी असतात. एक पेशी सुमारे १२० दिवस टिकते, मग मोडते. म्हणून मज्जेला दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी कराव्या लागतात. हे सारे मूठभर मूळपेशींच्या जिवावर चालते. शेतकरी सगळे धान्य दळायला काढत नाही, बियाणे राखून ठेवतो. तसेच इथे. मूळपेशींतून काही पेशी रक्त होतात, काही मूळपेशीच राहतात.

आता गंमत ऐका. जवळजवळ प्रत्येक पेशी आपली प्रथिने बनवते. प्रथिने म्हणजे नुसती डाळीतली नव्हेत. पेशीतले बहुतेक कामकरी प्रथिनेच. पण मूळपेशी ती फार बेताने बनवते. २०१४ साली अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर हे पाहिले. प्रथिने जास्त बनू दिली, मूळपेशी कमजोर झाली. कमी केली, तरी कमजोरच! घाईच्या कामात वाकडीतिकडी प्रथिने फार निघतात. त्यांचा केर पेशीला बाधतो.

पेशीला तांबडी व्हायचे असले की गाटा-१ नावाचे प्रथिन लागते. 'तांबडी हो' असा हुकूम तेच देते. काही मुलांत प्रथिने बनवणारे यंत्रच जन्मतः अधू असते. मग हा हुकूम पुरेसा निघत नाही. तांबड्या पेशी होत नाहीत, आणि मूल पहिल्या वर्षातच पांढरेफटक पडते. डायमंड आणि ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी १९३८ साली या रोगाचे वर्णन केले. त्यांचेच नाव त्याला पडले.

हा रोग फार विरळा, बरे का. आपल्याकडे बायकापोरे फिकी दिसतात ती बहुधा अंगात लोह कमी म्हणून. त्यांनी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. दोहोंची गल्लत करू नये.

त्या रोगी मुलाला पुन्हा पुन्हा रक्त द्यावे लागते, किंवा औषध. भावाबहिणीची मज्जा जुळली तर ती देता येते. त्यासाठी मुलाची हाडे उघडत नाहीत. सलाइनसारखी ती शिरेतून सोडतात. मूळपेशी आपली वाट आपण काढतात आणि हाडांत जाऊन बसतात.