अब्बांना घराची वाट का सापडत नाही?

जुन्या नाशकात, चौक मंडईच्या गल्ल्यांत हयात काढलेले अब्बा मगरिबच्या नमाजनंतर घराची वाट चुकतात, असे आम्ही मोहल्ल्यात ऐकतो. घरचे रागावतात, "लक्ष कुठे होतं?" पण दोष लक्षाचा नसतो.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. उंदराच्या याच भागात, ठराविक जागी आल्यावरच जाग्या होणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये आढळल्या. २०१४ च्या नोबेलचे ते एक मानकरी. रिचर्ड मॉरिस व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हा भाग निकामी झालेले उंदीर गढूळ पाण्याच्या हौदात सोडले. पाण्याखाली दडवलेला चौरंग कुठे आहे, हे त्यांच्या ध्यानात राहीना. चौरंग वर दिसू लागताच मात्र ते तिथे पोहोचले. नजर शाबूत, पोहणे शाबूत. हरवला तो मनातला नकाशा.

अल्झायमरमध्ये हाच भाग लवकर झिजतो. म्हणून खुणा डोळ्यांसमोर ठेवू या: संडासच्या दारावर ठळक चित्र, खिशात पत्ता आणि फोन नंबर, मशिदीत जाताना नातवाची सोबत. डॉक्टरांनाही वेळेत दाखवू या. म्हाताऱ्या आईवडिलांना 'उफ्'सुद्धा म्हणू नये, ही कुरआनची ताकीद अशा वेळी पाळायची असते.